मदत हवी आहे: खेळाडूने खलनायक पेवात कोंडला, एक फासा न टाकता. उद्या काय करू?

वीसाचा_फासा: उद्या सहाला पोरं येणारेत, पटकन सांगा. सांगलीत आमच्या गच्चीवर पाच जणांचा डी अँड डी (फासे टाकून, पात्रं होऊन गोष्ट खेळायचा खेळ) चालवतो, डीएम म्हणजे गोष्ट सांगणारा मी. मोहिमेचा शेवट हरिपूरच्या हळदीच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, ठेवला होता. खलनायक सावकार आत लपलाय, पोरांनी दोर सोडून उतरायचं, खाली मारामारी. नकाशाला तीन रात्री गेल्या माझ्या. तर आमचा मेकॅनिकलवाला म्हणतो, उतरायचं कशाला? तोंडावर फरशी, वर माती. "श्वास कोंडण्याचा नियम वाच, चार मिनिटांत गेला." नाही म्हणालो तर पुस्तक काढून पाऊण तास वाद, बाकीचे मोबाइलवर. हो म्हटलं तर मोहीम पाण्यात, नाही म्हटलं तर डीएम रडीचा.

कोयनाकाठ: नियमपुस्तकाची आवृत्ती 2014 ची की 2024 ची? लेव्हल काय? श्वास रोखायचा वेळ दोन्हीत एकच, 1 अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (पात्राच्या काटकपणाचा आकडा) इतकी मिनिटं. पुढचं वेगळं. जुन्यात मॉडिफायरइतक्या फेऱ्या काढल्या की हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, शून्य. नव्यात दर टर्नला एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी, सहावीला खेळ खलास.

वीसाचा_फासा: 2014. पण त्याचा काय संबंध? त्याला गप्प कसं करू ते सांगा ना.

जुनाडीएम: गप्प कशाला करायचं? पोराने डोकं चालवलं, मरू दे सावकार. मी दुष्काळी जत-आटपाडीकडची मोहीम केली होती, एकाने गुडबेरी नावाच्या मंत्रावर उडवली. रोज 10 बेऱ्या, 10 जणांचं दिवसाचं पोट भरलं. आधी चिडलो, मग अख्खं गाव त्याच्या दारात बसवलं. तोंडं दोनशे, बेऱ्या दहा. पुढची चार सेशन तीच चालली.

नियमावली: असहमत. लाड केले की डोक्यावर बसतात. नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, हे 2024 च्या डीएम गाइडमध्ये छापलंय. पान उघडून पुढ्यात ठेवा.

जुनाडीएम: ते 2014 खेळतायत. वाचा तरी.

हरिपूरकर: तुमचा खेळ मला कळत नाही, पेवाचं नाव दिसलं म्हणून आलो. पेव भरलेलं की रिकामं? भरलेल्यात माणूस बसायला जागाच नसते. आणि उघडल्याबरोबर कोणी उतरत नाही. तोंड मोकळं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. हवा कोंडलेली म्हणून तर हळदीला कीड लागत नाही. 2005 च्या पुरात आमच्याकडची बरीच पेवं गेली, आता थोडीच राहिलीत.

वीसाचा_फासा: रिकामं. कंदील पोरांनी सोडला होता, ज्योत तशीच राहिली असं मीच म्हणालो.

आकडेमोड: हे आधी सांगायचं की हो! म्हणजे आत हवा चांगली होती. श्वासाचा नियम बुडणाऱ्याला, गळा आवळलेल्याला. बंद खोलीत माणूस श्वास घेतच असतो. तो तासाला साधारण 20 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पेव 30 घनमीटरचं धरा. हवेत त्याचं प्रमाण धोक्याचं, 5 टक्के, व्हायला 1500 लिटर लागतात, म्हणजे 75 तास. तीन दिवस बसेल सावकार.

नियमावली: पुन्हा भौतिकशास्त्र! नियमातच उत्तर आहे. बॅग ऑफ होल्डिंग, म्हणजे खेळातली जादूची पिशवी, 64 घनफूट, आत एकटा जीव 10 मिनिटं. तुमचं पेव 1060 घनफूट, साडेसोळा बॅगा. 165 मिनिटं. विषय संपला.

आकडेमोड: तीन दिवस आणि पावणेतीन तास यात काही फरक आहे का नाही?

नाट्यवेडा: अवांतर, पण 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात सीतास्वयंवर केलं, त्या गावात नाटकातल्या माणसाचा श्वास घनफुटात मोजतायत. पडदा पाडा आणि पुढचा प्रवेश घ्या.

कोयनाकाठ: लेव्हल अजून सांगितली नाही, असू दे. सावकाराचा स्टॅट ब्लॉक (पुस्तकातला प्राण्याचा तक्ता) कुठला घेतलाय?

वीसाचा_फासा: वाइटचा, म्हणजे चालत्या मुडद्याचा. तो मेलेलाच आहे ना, पोरांना अजून ठाऊक नाही.

कोयनाकाठ: अहो! काल पाऊण तास भांडलात कशाला? त्याच्या तक्त्याजवळचं अंडेड नेचर (मेलेल्याचं लक्षण) वाचा. वाइटला हवा, अन्न, पाणी, झोप यातलं काही लागत नाही.

जुनाडीएम: वाईटच झालं म्हणायचं. पण उद्या फरशी काढल्यावर तो बसलेला दिसला तर पोरं म्हणणार, आयत्या वेळी बदललं. आधी खूण सोडली होती का काही?

वीसाचा_फासा: तिसऱ्या सेशनला म्हणालो होतो, पहाटेची थंडी, सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघतेय, सावकाराच्या नाही.

जुनाडीएम: मग लढा की बिनधास्त. फरशी मात्र त्यांनाच उचलू दे, आणि आधी हे वाक्य जसंच्या तसं परत म्हणा. फरशी घालायची युक्ती केली म्हणून पहिली फेरी पोरांची.

नियमावली: पहिली फेरी कुठल्या नियमाने?

वीसाचा_फासा: एक अडचण आहे. ते वाक्य म्हणालो तेव्हा मेकॅनिकलवाला खाली भडंग आणायला गेला होता.

मिरजकर_७: ग्रुपमध्ये जागा आहे का? रविवारी मोकळा असतो. फासे माझे आहेत.