घरी शिकणाऱ्या मुलाला शब्दांच्या जाती कशा शिकवू? 'खेळणं'वर गाडी अडलीय

यावलची आई:
नमस्कार, मुलगा ९ वर्षांचा, यंदापासून घरीच शिकतोय. शब्दांच्या आठही जाती पाठ आहेत, व्याख्या धडाधड म्हणतो, पण काल "मला खेळणं आवडतं" यात खेळणं काय असं विचारलं तर म्हणे क्रियापद, कारण खेळणं ही क्रियाच आहे ना. नाही म्हटलं तर विचारतो का नाही, आणि मला खरंच सांगता आलं नाही. घरात सगळे आहिराणी बोलतात, तोही, त्याने गोंधळ होतोय का?

निवृत्त गुरुजी, चोपडा:
ताई, पोरगं बरोबर विचारतंय, त्याला रागवू नका. शब्दाची जात अर्थावर नाही, वाक्यात तो काय काम करतो त्यावर ठरते. त्याला विभक्ती लावून बघायला सांगा. घरात, घराला, घराचा होतं ना, तसंच खेळण्यात, खेळण्याला, खेळण्याचा पण होतं, म्हणजे इथे ते नाम. आता "तो खेळतो" मधल्या खेळतो-ला 'ला' लावून दाखव म्हणा, लागणारच नाही, ते फक्त खेळतो, खेळली, खेळतील असं बदलत जाईल. मग 'वर' द्या. "वर बघ" यात क्रियाविशेषण, "झाडावर" मध्ये शब्दयोगी, "वर मांडवात आला" यात नाम. शब्द एकच आणि जाती तीन, हे एकदा स्वतः बघितलं की पोरं विसरत नाहीत. व्याख्या सगळ्यात शेवटी.

धुळे_होमस्कूल_बाबा:
आम्ही माँटेसोरीची चिन्हं वापरतो, नामाला काळा त्रिकोण, क्रियापदाला लाल गोल, पुठ्ठ्याचे कापून घेतले आणि शब्दावर ठेवायचे. एक अडचण आली, इंग्रजीत 'अंडर' वेगळा शब्द म्हणून उभा असतो, आपलं 'खाली' नामाला चिकटतं, झाडाखाली, मग चिन्ह ठेवायचं कुठे? मुलीच्या हातात कात्री दिली, तिने 'झाडा' आणि 'खाली' असे दोन तुकडे केले आणि लगेच म्हणाली बाबा, झाडचं झाडा झालं! सामान्यरूप तिने तिथेच पकडलं. इंग्रजीचं व्याकरण मात्र त्याच महिन्यात सुरू करू नका.

नंदुरबारहून:
आहिराणीने गोंधळ होतो हे मला अजिबात पटत नाही, उलट सोपं जातं. मना भाऊ, मनी बहीन, मनं घर, यात पुढचं नाम बदललं की आधीचा शब्द बदलतो हे त्याला बोलण्यातून येतंच. त्याच्या शेजारी माझा, माझी, माझं लिहा, पुस्तकात याला सार्वनामिक विशेषण म्हणतात. फक्त त्याच्या आहिराणीला कुणी चूक म्हणू देऊ नका, घरातल्यांनी तर मुळीच नाही.

यावलची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज भरीत होतं, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजता भाजता विशेषणं घेतली, हिरवं वांगं, हिरवी मिरची, हिरवा लसूण. मग लाल मिरची, लाल कांदा, लाल तिखट म्हटल्यावर तो थांबला, 'लाल' बदलतच नाही म्हणे. मोठा, काळा, चांगला असे शेवटी 'आ' असलेले बदलतात आणि लाल, सुंदर, गोड नाही बदलत, हे त्याने राखेत काडीने दोन रांगा लिहून स्वतःच काढलं. आणि 'भाजणं'ला आपणहून 'भाजण्याला' करून बघितलं. गुरुजी, आता तो विचारतोय "भाजलेलं वांगं" यातलं भाजलेलं काय?

निवृत्त गुरुजी, चोपडा:
भाजलेलं वांगं, भाजलेली मिरची, भाजलेला कांदा. कुठल्या रांगेत बसतं त्यालाच विचारा.