माशांची शाळा, थवा की कळप? आणि पानाचं नाव बदलायचं कसं?

पाणकोंबडी:
मीडियाविकीवर (विकिपीडियाचं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या एका मराठी ज्ञानकोशात बांगडा माशाच्या लेखात 'हे मासे मोठ्या शाळांमध्ये राहतात' असं इंग्रजी 'स्कूल'चं यंत्रभाषांतर तसंच पडलंय. मी 'थवे' केलं. एका संपादकांनी उलटवलं: थवा पक्ष्यांचा, माशांचा कळप, संदर्भ द्या. त्यातून माशांच्या अशा समूहावरच्या लेखाचं नावच 'मत्स्यशाळा'! माशांच्या समूहासाठीच्या शोल आणि स्कूल या इंग्रजी शब्दांना वेगळे मराठी शब्द हवेतच का? आणि नाव बदलायची रीतसर वाट कोणती?

तळटीप:
शाळा आधी काढा. इंग्रजीतलं हे स्कूल जमाव या अर्थाच्या डच शब्दावरून आलं, शोलही त्याच कुळातलं. शिकायचं स्कूल ग्रीक-लॅटिनकडून आलेलं, दोघांचा काही संबंध नाही.

फरक असा. मासे नुसते सोबतीने राहतात, तोंडं कुठेही वळलेली, ते शोल. सगळे एका दिशेने, सारख्या वेगाने, अंतर राखून पोहतात ते स्कूल. म्हणजे प्रत्येक स्कूल हे शोल असतं, उलट नाही. चरताना विस्कटलेला घोळका शिकारी दिसताच क्षणात शिस्तीत येतो. ही शिस्त डोळे आणि पार्श्वरेषा (पाण्याची हालचाल टिपणारं अंगाच्या बाजूचं इंद्रिय) मिळून सांभाळतात. १९७६ च्या प्रयोगात डोळे तात्पुरते झाकलेला सेथ मासाही (कॉडच्या कुळातला) थव्यासोबत पोहत राहिला होता.

हे वर्तन आहे, जातीचं लेबल नव्हे. तेव्हा दोन नामं घडवण्यापेक्षा 'थव्याने राहतात' आणि 'एका दिशेने शिस्तीत पोहतात' अशी क्रियापदं वापरा. 'एकदिश थवा' वगैरे स्वतः पाडलेला शब्द शीर्षकात टाकलात, तर 'मूळ संशोधन', म्हणजे कुठेही न छापलेली स्वतःची भर, म्हणून तो उडेल आणि तेव्हा उडवणारे बरोबर असतील. थवा पक्ष्यांपुरता नाही. टोळांचाही थवाच म्हणतो आपण. कळप मात्र पायांनी चालणाऱ्यांचा वाटतो. डॉल्फिनला चालेल, पण तो मासा नाही.

गाळणी:
नावाबद्दल. मजकूर कॉपी करून नव्या पानावर कधीही चिकटवू नका, पानाच्या संपादनांचा इतिहास तुटतो आणि मग तो जोडायला प्रचालक (जादा अधिकार असलेला संपादक) लागतो. आधी चर्चापानावर प्रस्ताव, त्यात दोन वेगळे संदर्भ: शब्दासाठी मराठी कोश किंवा छापील मराठी लेखन, वर्तनासाठी मत्स्यशास्त्राचं पुस्तक. एकच संदर्भ दोन्हीकडे लावला की वाद तिथेच अडकतो. आठवडाभर थांबा, मग 'स्थानांतरण' ही इतिहासासकट नाव बदलणारी कळ वापरा. ही कळ दिसत नसेल तर बहुधा खातं नवं आहे, काही दिवसांनी येईल.

'माशांचे थवे' या नावाचं पुनर्निर्देशन (वाचकाला दुसऱ्या पानावर नेणारं पान) आधीच असेल तर त्याचा इतिहास पाहा. एकच संपादन असून ते जुन्या पानाकडेच जात असेल तर स्थानांतरण थेट होतं. दुसरं संपादन झालेलं असेल तर मध्ये प्रचालक हवा. बहुतेक जण इथेच अडतात आणि वैतागून कॉपी-पेस्ट करतात.

नंतर 'येथे काय जोडले आहे' उघडून दुहेरी पुनर्निर्देशनं, म्हणजे एका पुनर्निर्देशनावरून दुसऱ्यावर नेणारी, सरळ करा. 'मत्स्यशाळा' लगेच वगळायला लावू नका, जुने दुवे मरतील.

पाणकोंबडी:
आणि उलटवलेलं बांगड्याचं वाक्य?

गाळणी:
ते लगेच परत घालू नका. चर्चेचा दुवा संपादन-सारांशात देऊन मगच बदला.