मदत हवी आहे: विणलेला मफलर कडेने गुंडाळला जातो

नमस्कार. मी परभणीत राहते आणि दुपारी अंगणात उन्हाला बसून विणकाम करते. दिवाळीपासून नातवाचा बिनबाह्यांचा स्वेटर, दोन कानटोप्या आणि यजमानांचा मफलर एवढे पूर्ण झाले; अडचण फक्त मफलरची आहे.

१० नंबरच्या सुयांवर ४८ टाके घालून, एक सुई सुलट आणि एक सुई उलट अशी साधी वीण मी अखेरपर्यंत ठेवली, आणि आता दोन्ही लांब कडा मागे वळून त्याची नळी होते. (यजमान त्याला दोरखंड म्हणतात.) सुलट व उलट बाजूंचा ताण सारखा नसल्याने ही वीण वळतेच, हे मला उशिरा कळले. शुद्ध लोकर असती तर ओली करून, टाचण्या लावून सपाट वाळवली असती. परंतु ही अ‍ॅक्रिलिकची आहे, आणि तिच्यावर गरम इस्त्री टेकवल्यास वीण कायमची मरगळते, म्हणून हात धजत नाही.

कडेचे टाके उचलून पट्टी विणावी, की इस्त्री वर धरून नुसती वाफ द्यावी? पट्टी विणायची झाल्यास किती ओळींमागे किती टाके उचलावेत, म्हणजे कड झालरीसारखी फुगणार नाही? संपूर्ण उसवण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये, कारण त्यात माझा दीड महिना गेला आहे.