भाजीच्या शेजारी कुठली फुलं लावू? ऐरोली, छोटं अंगण

मांडववेल:
नमस्कार मंडळी. ऐरोलीला रो हाऊस आहे, पुढे जेमतेम दहा बाय बाराचं अंगण. वांगी, भेंडी, टोमॅटो लावलेत आणि ग्रिलवर दुधी चढवलाय. दुधीला बारकी फळं धरतात पण बोटाएवढी झाली की पिवळी पडून गळतात. सासूबाई म्हणतात इथे माश्याच फिरकत नाहीत, फुलझाडं लाव. नर्सरीवाला पिटुनिया घ्या म्हणतोय, पण मला नुसतं शोभेचं नकोय, मधमाश्या फुलपाखरं आली पाहिजेत आणि समोरच्यांच्या जास्वंदीवर येतात ते छोटे सूर्यपक्षीपण आले तर फारच छान. ऊन सकाळी आठ ते दीड. काय लावू?

कोलशेत_गच्ची:
ताई, पिटुनिया राहू द्या. आधी दुधीचं बघू. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे दिवसा कितीही मधमाश्या आल्या तरी त्याला फारसा उपयोग नाही, त्याचं काम मुख्यतः रात्रीचे पतंग करतात. म्हणून मांडवाखाली गुलबक्षी लावा, तीपण दुपार कलली की उमलते आणि पतंगांना आवडते. अंगणातला मोठा दिवा रात्रभर चालू असेल तर बंद ठेवा, पतंग त्याच्याभोवतीच फिरत बसतात. आणि तोवर संध्याकाळी ताजं उमललेलं नर फूल खुडून पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचं. मादी फूल ओळखायला सोपं, देठाशी इवलासा लवदार दुधी असतो.

वांग्याचं वेगळं. त्याचे पराग नळीत असतात आणि टोकाच्या भोकातून बाहेर पडतात, त्यासाठी फूल धरून गुणगुणत थरथरवणारी माशी लागते. ते साध्या मधमाशीला जमत नाही, काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी करते. तुळस आणि सब्जाच्या मंजिऱ्या खुडू नका, त्यावर निळ्या पट्टेवाल्या हमखास येतात. भुंग्यासाठी वाळक्या बांबूचा तुकडा कोपऱ्यात आडवा बांधून ठेवा.

खारघर_सेक्टर:
वरच्यांशी सहमत. माझी भर एवढीच की थोडी कोथिंबीर, शेपू, बडीशेप मुद्दाम फुलावर जाऊ द्या. त्या छत्रीसारख्या बारीक फुलांवर हवेत एका जागी तरंगणाऱ्या पट्टेरी माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या भेंडीवरचा मावा खातात. झेंडू लावाच, पण दोन कुंड्यांनी मातीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे अगदी बारीक जंत, जातील असं नर्सरीवाले सांगतात ते काही खरं नाही, त्यासाठी तो वाफाभर दाट आणि पूर्ण हंगाम लागतो. फुलपाखरांसाठी पेंटास, जमैकन स्पाइक. सूर्यपक्ष्यांना हॅमेलिया, दुपारपर्यंतच्या उन्हात चांगला फुलतो. जास्वंद भेंडीला चिकटून नको, दोघींना तोच पिठ्या ढेकूण लागतो.

मांडववेल:
अरे वा, दुधीचं हे माहीतच नव्हतं, आजच संध्याकाळी करून बघते 🙏 कढीपत्त्यावर मात्र सारख्या अळ्या असतात, पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या. नीम तेल मारू का?

कोलशेत_गच्ची:
नका मारू ताई! त्या फुलपाखरांच्याच अळ्या आहेत, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. नुसती मधाची फुलं लावली तर फुलपाखरं पाहुणी म्हणून येतात, अळीला खायला पान असलं तर तिथेच राहतात. जागा असेल तर एक लिंबाचं झाड लावा, आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ मधे जाहीर झालं ते, लिंबावरही अंडी घालतं. प्रत्यक्ष बघायचं तर घोडबंदर रोडला ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग आहे, सकाळी ऊन वर आल्यावर जा.

खारघर_सेक्टर:
नीम तेल फारच गरज पडली तर फक्त पानांच्या मागच्या बाजूला, फुलांवर अजिबात नको. कढीपत्त्याची दुसरी कुंडी करा, एक आमटीला आणि एक अळ्यांना.