मार्था आत्या, हॅना आणि बी विंगमधलं चपलांचं कपाट

रविवार, सकाळी 8:10

नेहा, सी-302: सुप्रभात. काल रात्री 11:52ला पाण्याच्या मेसेजखाली 'मार्था तर त्याची सख्खी आत्या निघाली 😂' असं कोणी टाकलं ते मला माहीत आहे. नाव घेत नाही. आम्ही पाच घरं दर शनिवारी गच्चीवर 'डार्क' या जर्मन सिरियलचे दोन-दोन भाग बघतोय. काल चौथा झाला. हा ग्रुप सूचनांसाठी आहे, एवढंच म्हणते.

ओंकार, ए-402: मी नाही, भिया

ओंकार, ए-402: म्हणजे मीच. कॉलेजच्या ग्रुपवर टाकत होतो, चुकून इकडे आलं. सॉरी ताई 🙏

ओंकार, ए-402: पण तसं बघितलं तर तिसरा सीझन 27 जून 2020ला आलाय. लॉकडाउनमध्ये. सिरियलमध्ये प्रलयाची तारीख तीच, म्हणून मुद्दाम त्या दिवशी आणला होता. इतकी वर्षं झाली ताई, स्पॉइलरची पण काही एक्सपायरी असते ना

शिरीष, सचिव: आज नर्मदेचं पाणी संध्याकाळी येईल. मोटर 45 मिनिटंच चालेल. कृपया विषयाला धरून बोलावे.

मंजूमावशी, बी-204: ओंकार, नुसतं आत्या म्हणून हसण्यावारी नेऊ नकोस. मामाची मुलगी असती तर आपल्यात चाललं असतं. आत्येबहीणही कोणी चालवून घेतली असती. पण खुद्द बापाची बहीण? जोनासची बिचाऱ्याची काय चूक, मार्थाच्या प्रेमात पडला तेव्हा त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

अण्णा, ए-101: योनास. जर्मनमध्ये त्या अक्षराचा उच्चार 'य' होतो.

मंजूमावशी, बी-204: आम्ही खालच्या पट्टीत वाचतो ते म्हणतो अण्णा. आम्ही कुठे तुमच्यासारखे कॅटच्या संशोधन केंद्रात नोकरीला होतो.

भाऊकाका, बी-103: एक विचारायचं होतं त्या बॉलरच्या डोळ्याला काय झालं होतं

ओंकार, ए-402: काका वोलर 😂 बोलून टाइप करता ना तुम्ही. पोलीसवाला वोलर.

भाऊकाका, बी-103: हो तोच पट्टी होती त्याच्या डोळ्यावर

नेहा, सी-302: कृपया! आम्ही अजून चारच भाग बघितलेत!

प्राची, बी-203: नेहा, आता फुटलंच आहे तर एक विचारते. मार्थाचा भाऊ मिकेल 2019मधून काळामागे 1986मध्ये गेला, तिथेच वाढला, मायकेल झाला, जोनासचा बाप झाला, त्याच गावात 33 वर्षं राहिला. कॅथरीना त्याची जन्मदात्री. मायकेल रोज रस्त्यात दिसतोय. तिला एकदाही वाटलं नाही, की हा माझ्या पोरासारखा दिसतो? मला हा लेखकाचा घोळ वाटतो.

अण्णा, ए-101: घोळ नाही. क्रम बघा. 1986ला कॅथरीना स्वतः शाळेत. तिच्या दृष्टीने तो इनेस नर्सने सांभाळलेला, कुठून तरी आलेला मुलगा. तिला मिकेल झाला तेव्हा मायकेल तिशीतला. अकरा वर्षांच्या पोरात चाळिशीतल्या शेजाऱ्याचा चेहरा कोण शोधतं? आणि मायकेल 21 जून 2019ला वारतो, मिकेल हरवतो 4 नोव्हेंबरला. हरवल्यावर तुलना करायला समोर माणूसच नाही.

प्राची, बी-203: तरी आई ती आई.

मंजूमावशी, बी-204: अगं, दार समोरासमोर असलं तरी माणूस ओळखू येत नाही काही वेळा. अनुभव आहे.

प्राची, बी-203: हो, मलाही आहे.

शिरीष, सचिव: 🙏🙏

ओंकार, ए-402: सिरियलमधल्या त्या विंडन गावात सगळेच एकमेकांचे नातेवाईक. आपल्या इंदूरच्या रामबागेत पण तेच आहे, तिथे कोणी सिरियल नाही काढत

अण्णा, ए-101: सातत्याचा खरा पुरावा हेल्गेचा कान आहे. कॅथरीनाचा नवरा उलरिक 2019मधून 1953ला जाऊन लहान हेल्गेला दगडाने मारतो. पण त्या जखमेचा व्रण आपण म्हाताऱ्या हेल्गेवर आधीच पाहिलेला असतो, उलरिक घरून निघण्याच्याही आधी. म्हणजे कोणी काही 'बदलायला' गेलं, की तेच घडवून येतं. सव्वीस भागांत अगदी शेवटपर्यंत हाच एक नियम पाळलाय. अशी शिस्त आपल्या सोसायटीच्या हिशोबात असती तर बरं झालं असतं.

शिरीष, सचिव: अण्णा, हिशोब एप्रिलमध्येच नोटीस बोर्डावर लावलेत.

अण्णा, ए-101: लावलेत. जुळत नाहीत.

नेहा, सी-302: हेल्गेला मारणारा उलरिक आहे??? मी सोडतेय हा ग्रुप.

*नेहा, सी-302 ग्रुपमधून बाहेर पडल्या*

*शिरीष यांनी नेहा, सी-302 यांना जोडले*

शिरीष, सचिव: मॅडम, तुम्ही खजिनदार आहात. असं जाता येत नाही.

सकाळी 9:25

ओंकार, ए-402: खाली पोहे आणायला चाललोय, कोणाला जलेबी?

प्राची, बी-203: दोन पोहे. जीरावन मसाला वेगळा बांधायला सांग, गेल्या वेळी सगळं एकत्र केलं होतं त्याने.

मंजूमावशी, बी-204: मी मागच्या वर्षीच्या कालनिर्णयच्या पाठीमागे सगळं झाड काढून ठेवलंय. फोटो टाकते. बार्टोशवर डाग आहे तो शेवेच्या तेलाचा, त्याचा काही अर्थ नाही. आता वरून वाचा. जोनासची आई हॅना नि एगोनची मुलगी सिल्या. सिल्या नि बार्टोशची मुलं अग्नेस आणि नोआ. अग्नेसचा ट्रोंटे. ट्रोंटेचा उलरिक. म्हणजे अग्नेस उलरिकची आजी, सिल्या पणजी आणि हॅना खापरपणजी. पण मायकेलशी लग्न केलं म्हणून हीच हॅना उलरिकची सून! आणि प्रकरण कोणाशी? सख्ख्या सासऱ्याशी. कॅथरीनाला मैत्रीण मैत्रीण म्हणत होती, ती सासू हिची.

ओंकार, ए-402: मावशी 🙏 आख्खं इंटरनेट एकीकडे आणि तुमचं कालनिर्णय एकीकडे

मंजूमावशी, बी-204: शार्लोट नि एलिझाबेथला जागाच पुरली नाही. ती हिची आई आणि ही तिची आई. दोन्हीकडून बाण काढून सोडून दिलं.

अण्णा, ए-101: कालनिर्णयचा विषय निघालाच आहे तर, सिरियलमधल्या 33 वर्षांच्या उडीचा आकडा लेखकाने हवेतून आणलेला नाही. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचं, सौर 365. दर वर्षाला 11 दिवसांचा फरक. 33 वर्षांत तो साधारण एका वर्षाएवढा साचतो आणि दोन्ही पुन्हा एका जागी येतात. ईद म्हणूनच 33 वर्षांनी फिरून त्याच सुमारास येते. आपल्याकडे तेवढं साचू देत नाहीत. 32-33 महिन्यांनी अधिक महिना घालून हिशोब मिटवतात.

मंजूमावशी, बी-204: अय्या. आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे किती देतात? 33! 2023ला श्रावण अधिक होता तेव्हा मी स्वतः तळलेत, पहिला घाणा पूर्ण हसला कढईत. विंडनवाल्यांनी अधिक मास पाळला असता तर एवढं रामायण झालंच नसतं.

ओंकार, ए-402: हॅनाचा जावई बार्टोश. त्याला मिळाले का अनारसे

प्राची, बी-203: कोण देणार? हॅनाला पोटच्या मुलानेच मारलं.

नेहा, सी-302: मी वाचत नाहीये. पण आवाज बंद करूनही वरच्या पट्टीत दिसतं. शिरीषजी, वेगळा ग्रुप करून द्या यांना.

भाऊकाका, बी-103: डोळ्याचं राहिलं

शिरीष, सचिव: वेगळा ग्रुप मागच्या वर्षी केला होता. त्यावर आता फक्त सुप्रभात येतं. बाकी, गच्चीची चावी काल कोणाकडे होती? सकाळी सहा खुर्च्या आणि चहाचे पेले तिथेच होते. ओला-सुका कचरा एकत्र होता, गाडीवाल्याने परत केला. मला लाज वाटली.

ओंकार, ए-402: चावी अण्णांकडे

अण्णा, ए-101: चावी मी 12:20ला चौकीदाराकडे दिली. त्याने 12:30ला तुम्हाला दिली. तुम्ही ती तुमच्याच स्कूटरला लावून ठेवली आहे. आत्ता खाली जाऊन बघून आलो.

शिरीष, सचिव: 🙏 मिळाली.

ओंकार, ए-402: बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स 😂😂 वस्तू काळात गोल फिरत राहते, सुरुवातच सापडत नाही. चावी बनवली कोणी?

सकाळी 10:40

प्राची, बी-203: सगळे हॅनाच्या मागे लागलात, पण मला ती समजते. लहानपणापासून ज्याच्यावर जीव, त्या उलरिकला ही कधी दिसलीच नाही. 1954मध्ये त्याच्या कोठडीत जाऊन विचारते, मला निवडशील का. तो हो म्हणतो ते सुटायला म्हणतो, तिला कळतं ते. म्हणून सोडून निघून जाते. ते क्रूर आहे. पण खोटं नाही.

मंजूमावशी, बी-204: खोटं नाही? तिथे स्वतःचं नाव काय सांगितलं तिने? कॅथरीना नीलसन! ज्या बाईचा नवरा पळवायला गेली, तिचंच नाव. आणि तिथे भेटलेल्या हेलेनला ते नाव आवडलं म्हणून पुढे तिने मुलीचं नाव कॅथरीना ठेवलं. म्हणजे कॅथरीनाचं नावसुद्धा हिच्या थापेतून आलं. आणि शेवटी तीच हेलेन त्याच मुलीला तळ्याकाठी मारते. एक थाप कुठवर जाते बघा.

अण्णा, ए-101: हा मुद्दा मान्य. लेखनाचा उत्तम नमुना.

मंजूमावशी, बी-204: आणि मूळ पाप तर 1986चं. पोलिसाला जाऊन सांगितलं, की उलरिकने कॅथरीनावर जबरदस्ती केली. धडधडीत खोटं. आगलावेपणा हा स्वभाव असतो. वय काही का असेना.

प्राची, बी-203: बरोबर. आणि ठपका कोणावर आला मंजूमावशी? त्यांच्याच शाळेतल्या रेजिनावर. तिने एक शब्द सांगितला नव्हता. तरी कॅथरीना नि उलरिकने तिला छळलं. कोणी विचारलंसुद्धा नाही, की बाई, तूच सांगितलंस का. गृहीत धरलं. कारण ती समोर होती.

मंजूमावशी, बी-204: रेजिना तिथेच उभी होती म्हणून संशय आला.

प्राची, बी-203: समोर राहणं हा गुन्हा आहे का?

शिरीष, सचिव: सर्वांना विनंती, कपाटाचा विषय बंद झालेला आहे.

ओंकार, ए-402: कोण कपाट म्हणालं? आम्ही तर विंडनमध्ये होतो

मंजूमावशी, बी-204: शिरीष, तूच नाव काढलंस म्हणून बोलते. सागवानी होतं ते. आमच्या सासऱ्यांनी वाडा सोडला तेव्हा आणलेलं. एक वीत जागा अडवत होतं जिन्यात. आगीच्या वेळी अडचण होईल म्हणून काढायला लावलं म्हणे! ही भाषा कोणाची, मला कळत नाही का? दोन वर्षं झाली, मी कोणाला काही बोलले नाही. दिवाळीचा फराळही पाठवते.

प्राची, बी-203: चकल्या पाठवता. करंज्या फक्त 201ला जातात.

अण्णा, ए-101: आपण हॅनाच्या हेतूबद्दल बोलत होतो.

प्राची, बी-203: अण्णा, तेच बोलतेय. रेजिनाने शेवटी स्वतः सांगितलं उलरिकला, की ते मी नव्हते. 33 वर्षांनी. तसं मीही आज सांगते. ते मी नव्हते. कपाटाबद्दल मी कोणाशीही बोलले नाही. आमच्या चपलासुद्धा त्यात असायच्या पावसाळ्यात, विसरलात का?

*मंजूमावशी, बी-204 यांनी हा संदेश हटवला*

ओंकार, ए-402: मावशी मी वाचला 😶

मंजूमावशी, बी-204: चुकून गेला होता.

भाऊकाका, बी-103: कपाटाचं मी सांगितलं होतं शिरीषला अंधारात गुडघा आपटला होता माझा दोनदा आणि त्या वोलरच्या डोळ्याला काय झालं ते कोणी सांगत नाहीये

(अकरा मिनिटं कोणीच काही लिहीत नाही. शिरीष टाइप करत आहे, थांबतो, पुन्हा टाइप करत आहे.)

शिरीष, सचिव: काका, नाव गुप्त ठेवायचं ठरलं होतं.

भाऊकाका, बी-103: मी कुठे म्हटलं होतं गुप्त ठेव म्हणून मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे

अण्णा, ए-101: 'आगीच्या वेळी अडचण' ही शब्दरचना कोणाची मग?

शिरीष, सचिव: नोटिशीत गुडघा कसा लिहिणार अण्णा.

नेहा, सी-302: आता मात्र वाचतेय 😳

मंजूमावशी, बी-204: भाऊ, गुडघा कसा आहे आता?

भाऊकाका, बी-103: तेव्हाच बरा झाला

दुपारी 1:15

ओंकार, ए-402: काका, वोलरचं सांगतो. नेहाताई, डोळे मिटा. शेवटच्या भागात सगळे जेवायला बसलेत. हॅना, कॅथरीना, रेजिना, पीटर वगैरे. कोणीतरी विचारतं की डोळ्याला काय झालं. तो सांगायला सुरुवात करतो आणि लाइट जाते. लाइट आल्यावर विषयच बदलतो. लेखकांनी मुद्दाम केलंय, भिया. तिन्ही सीझन लोक तेच विचारत होते.

भाऊकाका, बी-103: म्हणजे सांगितलं नाही

ओंकार, ए-402: नाही

भाऊकाका, बी-103: मग अण्णा म्हणतात तो नियम कुठे गेला सगळं जुळतं म्हणत होते

अण्णा, ए-101: डोळा कथेच्या कार्यकारणात येत नाही भाऊ. त्यामुळे तो अपवाद धरता येईल.

भाऊकाका, बी-103: त्या माणसाला विचारा अपवाद आहे का

संध्याकाळी 6:05

शिरीष, सचिव: नर्मदा आली आहे. बी विंगची मोटर चालू केली. शनिवारी पाचवा आणि सहावा भाग, 8:30ला, प्रत्येकाने आपापली खुर्ची खाली आणावी.

प्राची, बी-203: मंजूमावशी, तुमच्या दारात वाटीत दोन जलेब्या ठेवल्यात. मुंग्या येतील, लवकर घ्या.

मंजूमावशी, बी-204: घेतल्या. वाटी आमचीच आहे ना ही? मागच्या दिवाळीची?

प्राची, बी-203: हो. तेव्हापासून माझ्याकडेच होती.