मदत हवी आहे : ‘मिस ब्रिल’च्या अभिवाचनात निवेदकाचा सूर कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी. दादरला एका घरगुती बैठकीत कॅथरिन मॅन्सफील्डच्या ‘मिस ब्रिल’ (१९२०) या कथेच्या मराठी रूपाचं अभिवाचन आहे. माइक नाही, खोली लहान.

अडचण निवेदनाची आहे. कथेतल्या एकट्या मिस ब्रिल बाई दर रविवारी बागेत बँड ऐकायला जातात आणि आसपासच्या माणसांना न्याहाळतात. कथा तृतीयपुरुषी, पण निवेदक बाईंच्याच डोळ्यांनी बघतो. बाकांवरची म्हातारी माणसं जणू कपाटातून बाहेर आलीत असं बाईंना वाटतं. शेवटी त्यांची स्वतःची खोलीही कपाटासारखीच निघते. हा दुवा श्रोत्यांच्या लक्षात राहायला हवा, पण पहिल्या वेळी त्यावर जोर दिला तर पुढचं सगळं आधीच फुटतं. वाचणाऱ्याच्या आवाजात जरा जरी उपहास आला, तर ‘आपण सगळे नाटकातली पात्रं’ हा बाईंचा भ्रम हास्यास्पद होतो आणि शेजारी येऊन बसलेल्या तरुण जोडप्याचं त्यांची टिंगल करणारं बोलणं बोचत नाही. उलट कीव आली की कथा रडकी होते. (पार्श्वसंगीताला पेटी नकोच, बँड शब्दांतच वाजू दे.)

विचारायचं ते हे : जोडप्याचे संवाद दुसऱ्या आवाजात द्यावेत का? त्याने धक्का बसतो, पण दुसरा वाचक समोर दिसत असला की श्रोते आधीपासून वाट बघतात. त्याला मागे बसवावं का? आणि दर रविवारचा मधाचा केक न घेता बाई घरी जातात, तिथे थांबा परिच्छेदाआधी घ्यावा की नंतर? शेवटचं, रडू ऐकू आल्याचं वाक्य मी सपाटच वाचून घेणार आहे. कुणी हे वेगळ्या पद्धतीने बसवलं असेल तर सांगा.