मॉडर्न जॅझ क्वार्टेट : लिहिलेले किती आणि सुचलेले किती?

मंद्रसप्तक (प्रश्न)

मी गेली बारा वर्षे ख्यालगायन शिकतो आहे. पाश्चात्त्य संगीत मात्र जेव्हा जे कानावर पडेल तेवढेच ऐकले आहे. मागच्या महिन्यात एका स्नेह्यांकडे मॉडर्न जॅझ क्वार्टेटची ‘जँगो’ ही तबकडी ऐकली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. जॅझ म्हटल्यावर माझ्या मनात ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि गजबजलेला क्लब असे चित्र होते. इथे एकही फुंकवाद्य नाही. पियानो, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे वाद्य), बास आणि ड्रम्स एवढी चारच वाद्ये, आणि तीही इतकी जपून वाजवलेली की एखाद्या दिवाणखान्यातली मैफल ऐकत असल्यासारखे वाटावे. छायाचित्रांत तर चौघेही काळ्या पोशाखात, बो टाय लावून उभे असतात.

माझी अडचण अशी आहे की, ख्याल ऐकताना बंदिश कुठे संपते आणि विस्तार कुठे सुरू होतो हे मला कळते, परंतु इथे ती सीमारेषाच सापडत नाही. व्हायब्राफोनचे वादन उत्स्फूर्त वाटते, पण त्याच्या मागे पियानो जे वाजवतो ते इतके नेमके बसते की ते आधी लिहिलेले असावे अशी शंका येते. शिवाय ‘वांदोम’ नावाची त्यांची एक रचना फ्यूग आहे असे वाचले. बाखचा फ्यूग आणि जॅझ यांचा मेळ खरोखर बसतो, की केवळ वरवरचा साज चढवलेला असतो? जाणकारांनी कृपया थोडे विस्ताराने सांगावे.

अर्धांतर

मी हौशी व्हायोलिनवादक आहे आणि काही वर्षे एका स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवत आलो आहे, त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूला थोडे झुकलेले असेल.

आपल्याला सीमारेषा सापडत नाही, कारण ती पुसण्यासाठी जॉन लुईस यांनी आयुष्यभर कष्ट घेतले. या गटाचा उगमच मुळात मजेशीर आहे. १९४६ च्या सुमारास लुईस (पियानो), मिल्ट जॅक्सन (व्हायब्राफोन), केनी क्लार्क (ड्रम्स) आणि रे ब्राउन (बास) हे ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांच्या मोठ्या वाद्यवृंदात होते. तिथले ट्रम्पेटचे भाग इतके चढे असत की वादकांच्या ओठांना मधूनमधून विश्रांती द्यावी लागे, आणि तेवढ्या वेळात हे चौघे एकटेच वाजवत. पुढे मिल्ट जॅक्सन क्वार्टेट झाले, मग १९५२ मध्ये पर्सी हीथ बासवर स्थिरावले आणि नाव मॉडर्न जॅझ क्वार्टेट झाले. इंग्रजी आद्याक्षरे (एमजेक्यू) तीच राहिली, परंतु सांगीतिक सूत्रे लुईस यांच्या हातात गेली. १९५५ मध्ये क्लार्क यांच्या जागी कॉनी के आले आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे हा संच बदलला नाही.

आता मूळ प्रश्न. ‘जँगो’ ही रचना लुईस यांनी जँगो राइनहार्ट या १९५३ मध्ये वारलेल्या गिटारवादकाच्या स्मरणार्थ केली. आरंभीची संथ, शोकाकुल धून वीस मात्रासमूहांची (मी ‘बार’ या अर्थाने म्हणतो आहे) आहे आणि ती पूर्णपणे लिहिलेली आहे. ती संपताच लय वाढते आणि जॅक्सन यांचे एकल वादन सुरू होते. गंमत अशी की हे एकल वादन धुनेच्या वीस बारांवर होत नाही. त्यासाठी लुईस यांनी बत्तीस बारांची वेगळी चौकट बांधली आहे, जिच्यात एका जागी बास एकच स्वर धरून ठेवतो आणि पुढे खालच्या सप्तकात एक ठसठशीत आकृती येते. जॅक्सन आणि लुईस या दोघांच्या एकल वादनांमध्ये एक छोटा जोडतुकडा आहे, तोही लिहिलेला. शेवटी आरंभीची धून परत येते.

एकल वादनामागचा पियानो हा खरा कळीचा भाग आहे. सर्वसाधारण जॅझमध्ये पियानोवादक मागून स्वरसंघातांचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे, म्हणजे कॉर्डचे) तुटक ठोके देतो. लुईस तसे क्वचितच करतात. ते जॅक्सन यांच्या ओळीला समांतर अशी दुसरी, स्वतंत्र ओळ गातात, आणि म्हणूनच आपल्याला ते लिहिलेले वाटले. त्यातले काही ठरलेले असते आणि काही तिथल्या तिथे सुचलेले असते.

ओळखण्याची सोपी युक्ती सांगतो. ‘जँगो’चे १९५४ चे मूळ ध्वनिमुद्रण ऐका आणि मग १९६० च्या ‘युरोपियन कॉन्सर्ट’ या स्वीडनमध्ये प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झालेल्या संचातले ‘जँगो’ लगोलग ऐका. दोन्हींत जे सारखे आहे ते कागदावरचे, जे बदलले आहे ते हातातले. कोणत्याही पुस्तकी विवेचनापेक्षा हे दोन वेळा ऐकणे अधिक उपयोगी पडेल.

फ्यूगविषयी थोडक्यात सांगायचे तर, त्यात एक छोटे सूत्र एका वाद्यावर एकटे येते आणि ते पुरे होताच दुसरे वाद्य तेच सूत्र पंचमावरून उचलते, तेव्हा पहिले वाद्य गप्प न बसता त्याला जोड देत राहते. सगळी वाद्ये अशी आत आल्यावर मोकळे टप्पे येतात आणि त्यांच्यामधून सूत्र पुन्हा पुन्हा डोकावते. बाख हे मोकळे टप्पेही लिहून काढतो. ‘वांदोम’मध्ये लुईस यांनी सूत्राचे प्रवेश लिहिले आणि मधले टप्पे वादकांच्या सुचण्यावर सोडले. माझ्या मते हा वरवरचा साज नाही. फ्यूगच्या बांधणीत सैल जागा नेमकी कुठे आहे हे ओळखून तिथेच जॅझला वाट करून दिली आहे.

ठेकेदार

‘अर्धांतर’ यांच्या उत्तरात भर घालतो. मी तबला वाजवतो, त्यामुळे माझे लक्ष नेहमी कॉनी के यांच्याकडे जाते.

मंद्रसप्तक, आपण ती बत्तीस बारांची चौकट आवर्तनासारखी धरून पाहा. आपल्याकडे आवर्तनात मात्रा, खंड आणि सम फिरून येतात, पण स्वरांच्या बाबतीत गायक रागाच्या मर्यादेत मोकळा असतो. इथे मात्रांबरोबर स्वरसंघातांचा ठरलेला क्रमही फिरत असतो, म्हणजे पाचव्या बारात पायाखालची जमीन कोणती असेल हे वादकाला आधीच ठाऊक असते. बारा बारांचा ब्लूज (आफ्रिकी-अमेरिकी लोकसंगीतातून आलेला प्रकार) हे याचे सर्वांत सोपे रूप. जॅक्सन यांची ‘बॅग्ज ग्रूव्ह’ ऐकताना बोटांवर बारा मोजत राहा. दोन-तीन फेऱ्यांत ‘सम’ आपोआप जाणवू लागते. (समेवर मान हलली तर शेजारचे जॅझवाले हसतील, त्याला इलाज नाही.)

कॉनी के हे या गटात येण्यापूर्वी ‘शेक, रॅटल अँड रोल’सारख्या दणदणीत ध्वनिमुद्रणांवर वाजवत होते, यावर माझा प्रथम विश्वासच बसला नव्हता. तोच माणूस इथे लहानसा त्रिकोण, बोटांत धरायच्या छोट्या झांजा आणि घंटा घेऊन बसतो आणि एकेका आघाताचा नाद पूर्ण विरेपर्यंत थांबतो. साथ हळू वाजवणे पुष्कळांना जमते. हळू वाजवून लय ताणलेली ठेवणे ही वेगळी विद्या आहे. आमच्याकडे विलंबित एकतालाचा ठेका धरणाऱ्याला हे दुखणे चांगले ठाऊक असते.

मांडवीकाठ

मला ‘मेळ’ या शब्दाबद्दल थोडे सांगायचे आहे. मी गोव्याचा. आमच्याकडे चर्चशी जोडलेल्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकवले जाई, आणि तिथे तयार झालेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या हॉटेलांत स्विंग, म्हणजे नाचासाठीचे जॅझ, वाजवू लागले. त्यांच्यासाठी लिहिलेले संगीत आणि जॅझ ही दोन वेगळी घराणी नव्हतीच. सकाळी एक आणि रात्री दुसरे, इतकाच फरक. त्यामुळे हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये एवढा तात्त्विक का झाला, याचे मला प्रथम नवल वाटले होते.

त्यामागे गुंथर शुलर हे नाव आहे. ते मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या वाद्यवृंदात फ्रेंच हॉर्न वाजवत आणि जॅझही आतून जाणत. १९५७ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठातील व्याख्यानात त्यांनी ‘थर्ड स्ट्रीम’, म्हणजे तिसरा प्रवाह, ही संज्ञा वापरली. अभिजात हा एक प्रवाह, जॅझ हा दुसरा, आणि दोन्हींच्या संगमातून निघणारा हा तिसरा. पुढे या नावाखाली इतके काही खपू लागले की काय म्हणजे थर्ड स्ट्रीम नव्हे याची यादीच शुलर यांना द्यावी लागली. तीत जॅझला तंतुवाद्यांची जोड देणे बसत नव्हते, आणि फ्यूगच्या साच्यातले जॅझही बसत नव्हते! म्हणजे शुलर यांच्याच कसोटीवर ‘वांदोम’ बाद ठरते, आणि तरीही ती रचना आज ताजी वाटते.

उलट १९६० च्या ‘थर्ड स्ट्रीम म्युझिक’ या तबकडीवर शुलर यांची ‘कॉन्व्हर्सेशन’ नावाची रचना आहे, जिच्यात या क्वार्टेटसमोर बोझार स्ट्रिंग क्वार्टेट बसवले आहे. दोन्ही गट आपापल्या भाषेत उत्तम बोलतात, पण माझ्या कानाला ते एकमेकांचे ऐकण्यापेक्षा आपली पाळी येण्याची वाट पाहत आहेत असेच वाटत राहते. चार वादकांच्या एकाच गटात जे सहज मुरले होते, ते आठ जणांचे दोन गट समोरासमोर बसवल्यावर पुन्हा वेगळे झाले.

काळ्या पोशाखाबद्दल एक शब्द. लुईस यांना हे संगीत सभागृहात, शांतपणे ऐकले जावे असे वाटत होते. त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय जॅझवादकांना श्रोते पेल्यांच्या खणखणाटात गृहीत धरत; अशा वेळी चौघांनी एकसारख्या औपचारिक पोशाखात येणे हे आपल्या कलेसाठी मान मागण्याचाच एक प्रकार होता.

बिनसाथ

सर्वांची उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु एक बाजू सुटते आहे. मिल्ट जॅक्सन हे डेट्रॉइटच्या चर्चमधल्या गाण्यावर वाढलेले, ब्लूज रक्तात असलेले वादक होते. व्हायब्राफोनच्या नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या असतात आणि त्यांच्यामुळे स्वर थरथरतो. जॅक्सन यांनी ती मोटर सेकंदाला सुमारे ३.३ फेऱ्यांवर आणली. आधीचे नामवंत व्हायब्राफोनवादक लायोनेल हॅम्प्टन यांच्याकडे हा वेग दहाच्या आसपास होता. या एका बदलामुळे धातूच्या पट्ट्यांतून माणसाच्या गळ्यासारखा स्वर निघू लागला. अशा वादकाला फ्यूगमध्ये आपल्या प्रवेशाची वाट पाहत उभे करणे हा मला त्याच्यावरचा अन्यायच वाटतो. १९७४ मध्ये जॅक्सन बाहेर पडले आणि गट थांबला, हेही विसरू नये.

अर्धांतर

बिनसाथ, ही तक्रार तेव्हाच्या समीक्षकांचीही होती आणि ती खोटी नाही. मात्र १९७४ च्या फुटीमागे पैशाचा प्रश्न मोठा होता. इतक्या कीर्तीच्या मानाने मिळकत कमी आहे, असे जॅक्सन यांना वाटत होते. १९८१ मध्ये चौघे पुन्हा एकत्र आले.

अन्यायाबद्दल मात्र मी असहमत आहे. जॅक्सन यांच्या स्वतःच्या तबकड्याही मी आवडीने ऐकतो. त्यांत ते मोकळे आहेत आणि कित्येक जागी अप्रतिम आहेत. परंतु ‘जँगो’त त्या आखीव धुनेनंतर त्यांचा पहिला ब्लूजचा स्वर जसा अंगावर येतो, तसा तिथे येत नाही. वाट पाहायला लावल्यामुळेच तो स्वर तेवढा लागतो. लुईस आणि जॅक्सन यांची ही ओढाताण नोव्हेंबर १९७३ मध्ये मुद्रित झालेल्या ‘ब्लूज ऑन बाख’मध्ये अगदी उघड दिसते. त्यात बाखच्या रचनांवर आधारलेले तुकडे आणि ब्लूज आलटून पालटून येतात, आणि चार ब्लूजचे मूलस्वर ओळीने लावले तर जर्मन पद्धतीने (तिथे बी फ्लॅटला बी आणि बीला एच म्हणतात) बी, ए, सी, एच अशी बाखच्या नावाची अक्षरे होतात. बाखच्या तुकड्यांत लुईस हार्प्सिकॉर्डवर (पियानोच्या आधीच्या, तारा छेडणाऱ्या पट्टीवाद्यावर) आहेत. खोडकरपणा लुईस यांचा, पण ब्लूज जॅक्सन यांचाच.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री ‘जँगो’ची दोन्ही ध्वनिमुद्रणे हेडफोन लावून लागोपाठ ऐकली. धून, मधला जोडतुकडा आणि खालच्या सप्तकातली ती आकृती दोन्हींकडे ओळखता आली; जॅक्सन यांचे वादन मात्र पूर्ण वेगळे होते. लुईस यांची मागची ओळ काही ठिकाणी तीच होती आणि काही ठिकाणी नव्हती, त्यामुळे माझी मूळ शंका निम्मीच फिटली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्यांदा ऐकताना शेवटी परतणारी धून मला मुखड्यासारखी वाटली होती. आता तसे वाटत नाही. मुखडा गायकाला दर आवर्तनाला समेकडे नेतो. ही धून एकदा गेली की एकल वादनांच्या पूर्ण काळात येतच नाही, आणि परत येते तेव्हा आपण ती विसरलेलो असतो. आज रात्री ‘वांदोम’ घेऊन बसणार आहे. ठेकेदार, त्यात बार मोजायचे की सूत्राचे प्रवेश, तेवढे कृपया सांगा.

ठेकेदार

प्रवेश मोजा. बार मोजायला गेलात तर दुसरे वाद्य कधी आत आले तेच निसटून जाईल.